बकुळीसमोरचा कोन

रवि., ३ मार्च

दूध घ्यायला खाली उतरले तर जिन्याशेजारच्या फलकावर नवी नोटीस. "सुरक्षेच्या दृष्टीने गोल हिरवळीच्या कडेस कॅमेरा बसवण्यात येत आहे. त्याकरिता तेथील बकुळीचे झाड काढावे लागेल. हरकत असल्यास रविवारच्या सभेत मांडावी. हरकतीस कारण असावे." खाली सेक्रेटरी लिमये यांची सही. यापुढे नुसतं लि. लिहीन. पूर्ण नावाएवढी शाई या माणसावर घालवायची नाही.

हरकतीस कारण असावे म्हणे. झाड तोडायला मात्र यांना कॅमेरा पुरतो.

याच गृहस्थांची ती पार्किंगमधली पाटी: "वाहने रेषेच्या आत लावावीत. रेष दिसत नसल्यास चष्मा लावावा." आता हे बकुळीवर उठलेत.

दूध उतू गेलं. रागाच्या भरात गॅस मोठा ठेवला होता. त्याचंही खापर लि.च्याच डोक्यावर.

सोम., ४ मार्च

सकाळीच लि.कडे गेले. चहा विचारला नाही. विचारला असता तरी घेतला नसता, पण विचारायला हवा होता.

"अहो सबनीसबाई, कॅमेरा घेऊन झालाय. परत होत नाही. त्याला पासष्ट अंशांतलं दिसतं, त्यापलीकडचं नाही. एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला दुचाक्यांच्या रांगेचं टोक. दोन्ही एका चित्रात यायला हवीत. त्यासाठी बरोबर समोर, मधोमध उभं राहावं लागतं. तिथे तुमची बकुळ आहे. मी काय करू?"

"मीटर-रूमच्या भिंतीवर लावा."

"ती एका अंगाला आहे. तिथून फाटक जवळ येतं. जवळ गेलं की कोन मोठा होतो. हे इंजिनियरिंग आहे."

"हे इंजिनियरिंग नाही, शाळेतली भूमिती आहे, आणि तीही तुम्ही विसरलात. फाटक जवळ येतं तेवढं रांगेचं टोक लांब जातं. वर्तुळाच्या कडेवर आहात तोवर कोन तोच राहतो."

"कागदावर सिद्ध करून द्या. सभेत ठेवतो." वर ते हसू! इंजिनियर माणूस, साइटवरच्या मजुरांकडे बघून आयुष्यभर असंच हसले असणार.

देते म्हटलं. जिना उतरताना लक्षात आलं की सिस्टर फिलोमिनांच्या वर्गात "अँगल्स इन द सेम सेगमेंट आर ईक्वल" हे ओरडून म्हणायचो तेवढं पाठ आहे. का ईक्वल, हे मात्र पार पुसलं गेलंय. नंतरची सगळी वर्षं टेलिफोन खात्यात गेली. तिथे कोन कुणी विचारत नव्हतं.

बुध., ६ मार्च

नसीमबाईंकडे गेले. दुसऱ्या मजल्यावर राहतात, जन्म मोमीनपुऱ्यातला, तीस वर्षं मुलांना मराठीतून गणित शिकवलं. मी प्रमेय इंग्रजीत म्हणते, त्या मराठीत. त्यांना माझं इंग्रजी नाटकी वाटतं, मला त्यांचं मराठी सरकारी वाटतं. पण गणित एकच आहे एवढं दोघींना मान्य झालं.

पोळपाट उलटा ठेवून कागदावर त्याचा गोल काढला. एका बाजूला दोन टिंबं: हे फाटक, हे रांगेचं टोक. समोरच्या कडेवर आणखी दोन: बकुळ आणि मीटर-रूम. ही चारही ठिकाणं हिरवळीभोवतीच्या फरसबंद वाटेला चिकटून आहेत, म्हणजे एकाच वर्तुळावर. बकुळीकडून फाटक आणि टोक अशा दोन रेघा ओढल्या. मग मीटर-रूमकडून तशाच दोन. कोनमापक लावला. दोन्हीकडे सारखा! मी खरंच टाळी वाजवली.

"त्यात टाळी काय?" न. म्हणाल्या. "दोन्ही कोन एकाच कंसावर उभे आहेत. त्या कंसाचा केंद्राशी जेवढा कोन, त्याच्या निम्मा कडेवर. कडेवर कुठेही उभं राहा. निम्मा म्हणजे निम्मा."

"मग केंद्रातला कोन मोजला की झालं?"

"झालं. पण केंद्र आधी हवं ना."

"अहो कारंजं आहे की! अख्खी सोसायटी त्याला मध्य म्हणते."

न.नी पेन्सिल खाली ठेवली. "पक्षात दिलंय का?" पक्ष म्हणजे गणितात जे आधीच दिलेलं असतं, जे गृहीत धरायची मुभा असते ते. मी म्हटलं, तुमची ही शाळेतली सवय काही जात नाही. त्या हसल्या आणि शीरखुर्म्याची वाटी पुढे केली. आमचे मतभेद असेच मिटतात.

शुक्र., ८ मार्च

महिला दिन. लि.नी सोसायटीतल्या समस्त महिलांना एकेक गुलाब दिला. गुलाब आमच्याच हिरवळीवरच्या वाफ्यातले, देठ कात्रीनं न कापता हातानं तोडलेले. "सबनीसबाई, कोन सापडला का?" असं सर्वांसमोर विचारलं. "सापडेल, तुम्ही वाफा आहे तसा राहू द्या," म्हटलं.

दुपारी मोजमाप. मीटर-रूमपासून थेट कोन मोजता आला असता तर एवढा खटाटोप नकोच होता. पण तिथून फाटकाकडे दोरी ताणायची तर मधे घसरगुंडी, तिच्यामागे गुलाब. बकुळीपासून ताणायची तर खोडच आड येतं. कॅमेरा वरून बघतो, त्याला अडत नाही. आम्हाला अडतं. आणि तो कॅमेरेवाला जागा ठरल्याशिवाय फिरकायला तयार नाही.

म्हणून कारंज्यातून. (कारंजं म्हणायचं. पाणी कधी उडालेलं मी तरी पाहिलं नाही.) सुतळीचं एक टोक कारंज्याच्या नळीला, दुसरं फाटकाच्या खांबाला. दुसरी सुतळी तशीच रांगेच्या टोकाशी. न.नी निवृत्तीच्या दिवशी शाळेतून निरोपाची भेट म्हणून फळ्यावरचा लाकडी कोनमापक मागून घेतला होता. इतरांना चांदीचे पेले आवडतात. तो घेऊन त्या कारंज्याच्या कठड्यावर बसल्या, मी वाकून वाचलं. एकशे चाळीस.

गॅलऱ्यांमधून प्रेक्षक चिक्कार. मदतीला एक नाही.

शनि., ९ मार्च

एकशे चाळीसचे निम्मे सत्तर.

कॅमेऱ्याचे पासष्ट.

तीनदा भागाकार केला. एकशे चाळीसला दोननं भागायला तीनदा! सत्तरच.

म्हणजे मीटर-रूमवरून मावत नाही. बकुळीच्या जागेवरूनही मावत नाही. माझं प्रमेय बरोबर आणि म्हणूनच आम्ही पडलो. न.ना फोन केला. म्हणाल्या, "उत्तर चुकीचं वाटतंय." म्हटलं, वाटून काय उपयोग, सभा उद्या सकाळी आहे.

लपवायचं का? क्षणभर मनात आलं. पण लि.ना कागदावर लिहून देईन म्हटलं होतं, आणि मी काही लि. नाही.

रवि., १० मार्च

सभा. न लिहिलेलं बरं, पण लिहिते.

कागद वाचला. कडेवर कोन सगळीकडे सारखा, हे ऐकून लि.ची मान अगदी खाली गेली. तेवढं एक मिनिट मी सुखात होते. मग सत्तर वाचलं. मान वर.

"म्हणजे बाईंनीच सिद्ध केलंय की कडेवर कुठेच भागत नाही! मागे सरकायला हवं. पार कंपाउंडच्या भिंतीपर्यंत. मग बकुळ तर गेलीच, मागचा सोनचाफाही आड येतो. सभा बाईंची आभारी आहे."

टाळ्या! माझ्याच गणितावर दुसरं झाड गेलं.

सगळ्यांत जोरात टाळ्या बाळूअण्णांच्या. सोसायटीची जमीन मूळची त्यांच्या घराची, त्या बदल्यात तळमजल्यावर दोन फ्लॅट मिळालेत. गाडी बकुळीखाली लावतात. "बरं झालं बगा. पानं पडत्यात, फुलं पडत्यात, रोज गाडी पुसायची म्हंजे..." मी म्हटलं, "अण्णा, झाडाखाली गाडी तुम्ही लावलीत, गाडीवर झाड कुणी लावलं नाही." तर हसले. या माणसाला टोचतच नाही काही.

शेवटचा ठराव पुढच्या रविवारी. तो झाला की झाडं तोडायच्या परवानगीचा अर्ज जाणार.

न. माझ्यामागून निघाल्या. जिन्यात म्हणाल्या, "कुमुदताई, कारण लिहायला हवं होतं. फळ्यावर पायरीपुढे कंसात लिहितात तसं. कारंजं हे केंद्र, पुढे कंसात कारण काय?" मी म्हटलं, आज नको.

मंगळ., १२ मार्च

हे आधी लिहायला हवं.

रद्दीवाला येणार म्हणून वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधत होते. त्याच दोन सुतळ्या घेतल्या, कारंजं ते फाटक आणि कारंजं ते रांगेचं टोक, शुक्रवारी बरोबर तेवढ्याच कापलेल्या. उंच गठ्ठे, प्रत्येकी बरेच वेढे. पहिल्याला गाठ बसून वर शेपूट उरलं. दुसरा गठ्ठा तेवढाच. सुतळी वेढे घालून गाठीपर्यंत पोचेना. म्हटलं मीच कुठे जास्त वेढा घातला. सोडलं, पुन्हा घातलं. पोचेना.

मग दोन्ही सोडून हॉलच्या लांबीत शेजारी शेजारी पसरल्या.

फाटकाची सुतळी चांगली सहा फूट आखूड!

केंद्रापासून कडेपर्यंतचं अंतर सगळीकडे सारखं असतं. दुसरीतल्या पोराला कळतं. वर्तुळाची व्याख्याच ती. या दोन त्रिज्या असतील तर सारख्या हव्यात. सारख्या नाहीत, म्हणजे कारंजं मधोमध नाही. इतकी वर्षं मी त्या गोलाभोवती चालते आहे, आणि जी गोष्ट जगाला एका वाक्यात बजावली असती ती दोऱ्या हातात धरून दिसली नाही.

तशीच चपला न घालता दुसऱ्या मजल्यावर गेले, सुतळ्या हातात. न.नी दार उघडलं, बघितलं, आणि नुसतं म्हणाल्या, "पक्षात नव्हतं."

जिवाला लागलं. पण इतका आनंद झाला होता की म्हटलं, बोला, आणखी बोला.

रद्दीवाला येऊन परत गेला.

बुध., १३ मार्च

कारंजं तिरकं का? न. म्हणतात, कारणाशी काय करायचंय, ते केंद्र नाही एवढं पुरे. पण मला राहवेना. खाली बाळूअण्णा गाडी पुसत होते.

"अण्णा, हे कारंजं असं एका बाजूला कसं हो बसवलं?"

"बाजूला नाय, हिरीवर हाय ते."

"विहिरीवर?"

"आमची हीर हुती तिथं. वडलांनी पाडलेली. बिल्डर म्हनला बुजवतो, आई म्हनली बुजवायची नाय, पाप हाय. लई भांडली. मग त्यानं वर स्लॅब टाकला आन् कारंजं बशिवलं. म्हनला, घ्या, पानी हाय का नाय? कागदावर गोल आधीच काढलेला. हीर काय सरकती का?"

अभिमानानं सांगत होते. आपण कुणाच्या बाजूनं साक्ष दिली हे त्यांच्या गावीही नाही. "म्हंजे आईमुळं ऱ्हायली बगा ती हीर," म्हणाले आणि फडकं पिळलं. मी म्हटलं, "तुमच्या आई मला आवडल्या असत्या." म्हणाले, "तुमच्यासारकीच हुती. गप बसायची नाय."

हा मान समजून घेतला.

गुरु., १४ मार्च

खरं केंद्र शोधलं. न.ची रीत: कडेवरच्या दोन ठिकाणांमधे सुतळी ताणायची, ती जीवा. तिचा मध्य काढायचा आणि तिथून तिला काटकोनात दुसरी रेघ. ती केंद्रातून जातेच जाते. अशा दोन जीवा घ्यायच्या. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतील तिथे केंद्र. मग कुणी तिथे कारंजं बांधो, नाहीतर विहीर पाडो.

रेघा रांगोळीनं काढल्या. घसरगुंडी चुकेल अशा जीवा निवडता निवडता न. आणि मी दोनदा भांडलो. काटकोनासाठी माझा एक कपडे वाळवायचा दांडा आणि त्यांचा गुण्या.

लि. फिरायला निघाले होते, थांबले. "हे काय चाललंय?"

"चुकीची दुरुस्ती. माझ्या."

विहिरीचं सांगितलं. सुतळ्या दाखवल्या. लि.नी त्यांची टोकं जुळवून पाहिली. मग पँट वर ओढून चक्क गुडघ्यावर बसले आणि गुण्या स्वतः लावून बघितला. "हा लंब जरा ढळलाय," म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. रेघ पुसली, पुन्हा काढली. दुसरी तपासली. ती ठीक निघाली. जिथे कापल्या तिथे लि.नी खिशातलं पेन उभं रोवलं.

कारंज्यापासून दोन पावलं, बकुळीच्या बाजूला.

तिथून कडेवरच्या तीन ठिकाणांपर्यंतची अंतरं मोजली. तिन्ही सारखी. न.नी माझ्याकडे पाहिलं. मी कागदावर केंद्र लिहिलं, पुढे कंसात कारणही. मला शिकवल्यावर कळतं.

मग कोन. न. बसल्या, लि.नी सुतळ्या ताणल्या, मी वाचलं. एकशे चोवीस.

"बासष्ट," लि. म्हणाले, माझ्या आधी. आवाज पडलेला. पण भागाकार चटकन केला, मानलं पाहिजे.

पासष्टात बासष्ट बसतात. कडेवर कुठूनही. मीटर-रूमवरूनही.

"प्रत्यक्ष चित्रात दिसलं पाहिजे," लि. गुडघे झाडत म्हणाले. "रविवारी सभेआधी कॅमेरेवाल्याला बोलावतो." आणि जाता जाता, "चहा घेणार का दोघी?"

घेतला. साखर कमी होती.

शनि., १६ मार्च

मंडईत गेले, कैऱ्या आणल्या. पहिल्याच, आंबट ढाण. पन्हं करून न.कडे अर्धं दिलं.

पासष्टातून बासष्ट गेले, उरले तीन. तीन अंश म्हणजे किती? न. म्हणतात, भरपूर. पण लि.चे डोळे इंजिनियरचे, आणि मत बकुळीविरुद्ध. संध्याकाळी झाडाखाली जाऊन बसले. बहर धरतोय. चार फुलं पडली होती, बाळूअण्णांच्या गाडीवर. तिथून उचलून आणली. अण्णांची गाडी तेवढी स्वच्छ झाली.

रवि., १७ मार्च

कॅमेरा आला. मीटर-रूमच्या भिंतीला तात्पुरता लावला. खाली खुर्चीवर छोटा टीव्ही. सगळी सोसायटी मागे उभी. न.नी माझा दंड धरला होता, का मी त्यांचा, आठवत नाही.

चित्र आलं. डाव्या कडेला फाटकाचा खांब, अख्खा. उजवीकडे दुचाक्यांची रांग, सरळ, शेवटची पांढरी रेष, तीही अख्खी!

लोकांनी "अरे वा" केलं. बाळूअण्णाही म्हणाले, "दिसतंय की समदं!" आणि मग त्यांनाच आठवलं की आपण झाड तोडायच्या बाजूचे.

आणि लि. म्हणाले, "एक मिनिट."

चित्राच्या उजव्या कडेला, रेषेच्या पलीकडे, एका स्कूटरचं तोंड दिसत होतं. नुसतं तोंड. मागचं चाक, नंबर प्लेट, सगळं चित्राबाहेर.

"ही गाडी दिसत नाहीये. म्हणजे संरक्षण अपुरं आहे."

कॅमेरेवाल्यानं विचारलं, "साहेब, कुणाची आहे?"

देवाशप्पथ, मी तोंड मिटून घेतलं होतं. न.च म्हणाल्या, अगदी वर्गात बोलावं तशा शांतपणे: "लिमयेसाहेबांची. रेषेबाहेर आहे."

हसू फुटलं ते थांबेना. लि.सुद्धा कानापर्यंत लाल झाले आणि मिशीत हसले, पण लगेच सेक्रेटरी झाले. ती त्यांची जागा, म्हणाले. सोसायटी झाली तेव्हापासूनची. आत सरकवली तर शेजारच्या गाडीला खरचटेल. हा प्रश्न तांत्रिक आहे. ठराव पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब.

"म्हणजे बकुळ की स्कूटर, असं आहे का?" मी विचारलं.

"असं मी म्हणालो नाही."

"मग कसं?"

"विचार करतो."

कॅमेरा तोपर्यंत मीटर-रूमवरच राहू द्या, एवढं मी वदवून घेतलं. कॅमेरेवाल्याला काढायचा कंटाळा होता, त्याचीही मदत झाली.

सोम., १८ मार्च

सकाळी पार्किंगमधली पाटी कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केली आहे. "रेष दिसत नसल्यास चष्मा लावावा." मी नाही केली. न.ना विचारलं, त्या म्हणाल्या, "मी कशाला?" पण त्यांचा पदर ओला होता.

संध्याकाळी गॅलरीतून बघत होते. लि. खाली आले. स्कूटरपाशी उभे. एकदा रेषेकडे पाहिलं, एकदा वर कॅमेऱ्याकडे, एकदा समोर बकुळीकडे. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. हँडल धरलं. स्टँडवरून गाडी उतरवलीसुद्धा.

मग फोन वाजला. गाडी पुन्हा स्टँडवर चढवली आणि बोलत बोलत फाटकाबाहेर गेले.

अंधार पडेपर्यंत उभी होते. लि. परत आले, वर बघितलं नाही, सरळ जिन्यात गेले.

स्कूटर आहे तिथेच. बकुळही.